राखाडी रंगाचे दार

आपल्या दिग्रसहून कोणत्याही खेड्याच्या वाटेला लागा, एखाद्या घरापुढे बंडी उभी दिसतेच. बंडी म्हणजे बैलगाडी. मराठीच्या पुस्तकांत तुम्हांला बैलगाडी हा शब्द भेटतो. आपण वऱ्हाडातली माणसे बंडी म्हणतो, आणि तोही मराठीच शब्द आहे. ट्रॅक्टर आल्यापासून बंड्यांचे काम कमी झाले. कितीतरी बंड्या गोठ्याच्या भिंतीला टेकून नुसत्या उभ्या असतात. अशा बंडीच्या लाकडाचा रंग तुम्ही कधी जवळून पाहिला आहे का? नवे असताना ते लाकूड तांबूस किंवा पिवळसर असते. चार-पाच वर्षे उन्हापावसात राहिले की तो रंग निघून जातो आणि लाकूड राखेसारखे दिसू लागते. सकाळचे तिरपे ऊन त्याच्यावर पडले तर त्यात चांदीसारखी झाकही दिसते.

या रंगाला काय म्हणावे? मराठीत राखेवरून राखाडी म्हणतात. करडा हा दुसरा शब्द. आपल्या घरात आपण सुरमई म्हणतो. पण मराठी बोलणाऱ्या मित्राला 'दार सुरमई आहे' असे सांगाल तर तो हसेल, कारण मराठीत सुरमई नावाचा मासा आहे आणि कोकणात तो फार आवडीने खातात. उर्दूत आणखी एक सुंदर शब्द आहे, खाकिस्तरी. खाकिस्तर म्हणजे राख. म्हणजे राखाडी आणि खाकिस्तरी हे दोन भाषांतले दोन शब्द एकाच चुलीतून निघालेले आहेत. मी या लेखात राखाडी हाच शब्द वापरणार आहे, कारण हा मराठीचा तास आहे.

आमच्या घराचे जुने दार या रंगाचे आहे. ते माझ्या आजोबांनी बसवले. घरात आम्ही त्यांना दादा म्हणत होतो. पण मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ, म्हणून इथे आजोबाच म्हणतो. दार सागवानाचे, दोन झडपांचे. आमच्या गल्लीतल्या बहुतेक दारांना दर दोन-तीन वर्षांनी हिरवा किंवा निळा ऑइलपेंट लागतो. आजोबांनी या दाराला कधी ब्रश लावू दिला नाही. का, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. माझ्या अब्बांनी त्यांची रीत तशीच चालू ठेवली. दाराचे तोंड पश्चिमेला आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ते ऊन सरळ या दारावर येते. पावसाच्या सरीही त्याच बाजूने मारतात. इतक्या वर्षांत दार वाकले नाही, त्याला वाळवी लागली नाही. फक्त त्याचा रंग गेला, किंवा आला म्हणा.

अब्बा गेल्यानंतर घराची वाटणी झाली. यात भांडणाचे काही नव्हते. भाईजानची मुले मोठी झाली, माझा संसार वाढला, आणि एका स्वयंपाकघरात दोन कुटुंबांचे भागेना. मधल्या अंगणात भिंत घालायची असे ठरले. जुने दार भाईजानच्या वाट्याला गेले, आणि माझ्या बाजूला रस्त्यावर नवे दार काढायचे ठरले. अम्मी सगळे ऐकत होती. भिंतीला तिने हरकत घेतली नाही, कोणती खोली कोणाला यावरही ती बोलली नाही. शेवटी एवढेच म्हणाली, "आत काय करायचं ते करा. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन घरं दिसता कामा नयेत."

त्या वेळी तिचे म्हणणे मला सोपे वाटले. दोन दारे सारखी करायची, त्यात काय अवघड आहे?

मागच्या पडवीचे छप्पर उतरवले तेव्हा त्यातून सागवानाच्या सहा तुळया निघाल्या. त्याही आजोबांच्याच काळातल्या. धुराने आणि धुळीने काळ्या पडलेल्या, कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेल्या. आमच्या घरचे लाकूडकाम एक म्हातारे सुतार करतात. आम्ही त्यांना मिस्तरीकाका म्हणतो. त्यांनी एका तुळईवर रंधा फिरवला. पातळ साल निघाली आणि खालून मधासारखे सोनेरी लाकूड वर आले. ताज्या सागवानाला कातड्यासारखा एक वास असतो, तो वास इतक्या वर्षांनंतरही त्यात होता. सगळ्या पडवीत तो पसरला. काकांनी तुळईवर थाप मारली आणि म्हणाले, "मास्तर, हे तुमच्या जुन्या दाराचं सख्खं भाऊच हाय."

दार महिनाभरात तयार झाले. जुन्या दाराच्या मापाचे, तसेच दोन झडपांचे, तशाच पट्ट्यांचे. पण दोन्ही दारे शेजारी उभी केली तेव्हा एक राखाडी आणि एक सोनेरी. लाकूड तेच, वयही तेच. फरक एवढाच की एक उन्हात उभे राहिले आणि दुसरे छपराखाली.

भाईजानने मार्ग सुचवला की दोन्ही दारांना एकच ऑइलपेंट द्यावा. तो सोपा होता, पण अम्मीने नुसते आजोबांच्या दाराकडे पाहिले आणि भाईजानने तो विषय सोडला. मी यवतमाळला जाऊन दुकाने पाहिली. तिथे आज राखाडी लाकडासारखे दिसणारे पत्रे मिळतात, प्लायवूडवर चिकटवायचे. जुन्या लाकडाच्या रेषा, गाठी, भेगा सगळे त्यावर छापलेले असते. दुकानदाराने दोन पत्रे शेजारी ठेवले तेव्हा दोन्हींवर तीच गाठ त्याच जागी दिसली. मला तो प्रकार आवडला नाही. ज्याला आवडतो त्याने जरूर लावावा, स्वयंपाकघरातल्या कपाटाला तो बरा. पण लाकडावर लाकडाचा फोटो चिकटवणे मला पटत नाही.

मग मी विचार केला की जुने दार राखाडी झाले तरी कसे? ते कळले तर नव्या दारासाठी काही करता येईल.

लाकूड मुख्यतः तीन पदार्थांचे असते. त्यांतले दोन आपल्या कामाचे आहेत, सेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोज म्हणजे तंतू. आपले दिग्रस ज्या कापसावर जगते तो कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच. लिग्निन हे त्या तंतूंना एकमेकांशी घट्ट धरून ठेवते. भिंतीत विटा असतात आणि विटांमध्ये चुना असतो, तसे समजा. लाकडाचा तपकिरी रंग पुष्कळसा या लिग्निनशी आणि लाकडात मुरलेल्या तेलांशी व रंगद्रव्यांशी जोडलेला आहे. सूर्यप्रकाशात अतिनील किरण असतात. तुमच्या उर्दूतल्या सायन्सच्या पुस्तकात त्यांना बालाए बनफ्शी शुआएँ म्हणतात. हे किरण लिग्निन शोषून घेते आणि त्यामुळे ते तुटते. तुटलेले लिग्निन पाण्यात विरघळू शकते. पाऊस आला की ते वाहून जाते, आणि वर उरतात ते नुसते तंतू, कापसाच्या जातीचे. त्यांच्यावर धूळ बसते, डोळ्यांना न दिसणारी काळसर बुरशी वाढते, आणि पांढुरक्या तंतूंवर या काळ्या ठिपक्यांची सरमिसळ होऊन राखाडी रंग दिसतो. चांदीची झाक असते ती त्या उघड्या तंतूंचीच.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही की हा सगळा प्रकार फक्त वरच्या पातळ थरात होतो; किरण लाकडात खोल जाऊ शकत नाहीत. म्हणून रंध्याच्या एक-दोन हातांत जुने लाकूड पुन्हा सोनेरी होते. लाकूड या रीतीने झिजते हे खरे, पण शंभर वर्षांत काही मिलिमीटरच. दुसरी गोष्ट अशी की ऊन आणि पाऊस दोन्ही लागतात. नुसते ऊन मिळाले आणि पाऊस लागला नाही, तर तुटलेले लिग्निन तिथेच राहते आणि लाकूड राखाडी न होता गडद तपकिरी होते.

हे वाचून झाल्यावर मी आमच्या जुन्या दाराजवळ गेलो आणि ते वरपासून खालपर्यंत पाहिले. इतकी वर्षे मी त्याच दारातून ये-जा करत होतो! वर छज्जाखाली हातभर भाग तपकिरीच होता. त्याच्याखाली रंग हळूहळू फिका होत जाऊन मधल्या भागात अगदी चांदीसारखा होता. उंबरठ्याजवळ, जिथे पावसाचे थेंब जमिनीवरून उसळून लागतात, तिथे काळपट होता. कडीच्या भोवती तर वेगळेच, गुळगुळीत आणि गडद, कारण तिथे रोज हात लागतात. ज्याला मी एक रंग समजत होतो ते चार-पाच रंग होते.

सागवानाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. मुंबईच्या गोदीत १८१७ साली 'त्रिंकोमाली' नावाचे जहाज बांधले गेले. वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी ते मलबारच्या सागवानातून घडवले. दोनशेपेक्षा जास्त वर्षे झाली, ते जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल या गावी पाण्यावर उभे आहे. सागवानात जे तेल असते त्यामुळे वाळवी आणि कुजणे या दोन्हींपासून त्याचे रक्षण होते. जहाजांच्या डेकला सागवानाच्या फळ्या लावत आणि त्या रंगवत नसत. ऊन आणि खारे पाणी यांनी त्या राखाडी होत, आणि खलाशांना त्यात काही वावगे वाटत नसे.

आता प्रश्न वेळेचा होता. मिस्तरीकाकांना विचारले तर ते हसले. "लाकडाले म्हातारं व्हाले टाइम लागते, मास्तर. औषध लावून कोनी म्हातारं होते का?" त्यांचे म्हणणे होते की दार बसवावे आणि तीन-चार वर्षे वाट पाहावी. मला तेही मान्य झाले असते. पण अम्मीचे वय पंचाहत्तरच्या पुढे होते, आणि तिला तीन-चार वर्षे थांब असे सांगायला माझी जीभ उचलेना.

औषध होते, आणि ते आपल्या स्वयंपाकघरातच होते. तुमच्या आईने लोखंडी कढईत आवळा शिजवला तर तो काळा पडतो, हे तुम्ही पाहिले असेल. केसांना लावायची मेंदी बायका लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवतात, ती गडद व्हावी म्हणून. बाभळीच्या बंडीत खिळ्याभोवती काळा डाग पडलेला असतो, तोही याच कुळातला. आवळा, चहा, बाभळीची साल, हिरडा या सगळ्यांत टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. चहा जास्त उकळला की जिभेला जो तुरटपणा लागतो तो टॅनिनचाच. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले आणि त्यांना हवा लागली की निळसर काळा रंग तयार होतो. राजस्थानातल्या बगरूचे छिपे कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, आणि मग लोखंडाचे तुकडे व गूळ पाण्यात आंबवून केलेल्या द्रवाने त्यावर काळी नक्षी छापतात. कच्छमधले अजरख छापणारे खत्री कारागीरही काळा रंग असाच करतात. हिरडा म्हणजे हकिमांच्या दवाखान्यातला हलीला. आणि आपले जुने कातिब ज्या शाईने किताबत करत, तिच्यातही काजळ आणि गोंद यांच्या जोडीला माजूफळ आणि हिराकस घालत. माजूफळात टॅनिन, हिराकशीत लोखंड. म्हणजे जे मला दारावर करायचे होते ते कातिबांनी कागदावर शेकडो वर्षे केले होते. मला फक्त शाई पातळ करायची होती, इतकी पातळ की काळ्याऐवजी राखाडी दिसावे.

मिस्तरीकाकांच्या डब्यात वाकलेले जुने खिळे होते. मूठभर घेतले, पॉलिश पेपरने घासले आणि काचेच्या बरणीत टाकून वरून अर्धा लिटर पांढरा शिरका ओतला. भांडी घासायची चकचकीत तार यासाठी चालत नाही. ती न गंजणाऱ्या पोलादाची असते आणि शिरक्यात विरघळत नाही. जे लोखंड गंजते तेच हवे. बरणीला झाकण घट्ट लावू नये, तोंडावर फडके बांधावे, कारण लोखंड आणि शिरका यांच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो जळणारा वायू आहे, म्हणून बरणी चुलीपासून दूर अंगणाच्या कोपऱ्यात ठेवली. आठ दिवसांनी पाणी गढूळ तपकिरी झाले. ते दुपदरी फडक्यातून गाळून घेतले. हे काम करताना हातांत रबरी मोजे घालावेत आणि जुने कपडे असावेत, कारण कपड्यावर पडलेला डाग साबणाने जात नाही. लहान मुलांनी घरातल्या मोठ्या माणसाशिवाय हे करू नये.

रंध्याच्या कामात लाकडाचे छोटे तुकडे उरले होते. त्यांतले बारा तुकडे घेतले आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने आकडा लिहिला. तुकडे पॉलिश पेपरने घासले, मग तारेच्या ब्रशने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासले. त्यामुळे मऊ भाग थोडा निघतो आणि कडक रेषा वर उठतात. जुन्या लाकडाला हात लावला तर अशाच रेषा बोटांना लागतात. आडवा ब्रश मारला तर ओरखडे दिसतात आणि ते काही केल्या जात नाहीत. सागवानाचे तेल पाणी मुरू देत नाही, म्हणून घासल्याबरोबर लगेच पुढचे काम करायचे.

काही तुकड्यांना कडक चहाचे कोमट पाणी लावले, काहींना हिरड्याची पूड उकळलेले पाणी, काहींना काहीच नाही. ते वाळल्यावर त्यांच्यावर लोखंडाचे पाणी दिले. कुठे तसेच, कुठे एकास चार पाणी घालून, कुठे एकास आठ, कुठे एकास बारा. लावल्याबरोबर काही दिसले नाही. दोन-तीन मिनिटांनी, हवा लागली तसा, रंग उमटू लागला. भाईजानची धाकटी मुलगी शेजारी बसली होती. तिला वाटले मी जादू करतो आहे. हिरडा लावलेले तुकडे शाईसारखे काळे झाले. चहा आणि न मिसळलेले लोखंडाचे पाणी यांचाही रंग फार गडद आला. चहा पातळ आणि लोखंडाचे पाणी एकास आठ, या तुकड्यावर जो रंग आला तो पाहून मिस्तरीकाका पहिल्यांदा उठून जवळ आले. त्यांनी तो तुकडा नेऊन जुन्या दाराच्या मधोमध टेकवला. थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "रंग आला. चमक नाही."

ते बरोबर होते. लोखंडाने लाकडाला रंग चढतो. उन्हाने लाकडाचा रंग उतरतो. एकात वरून काही बसते, दुसऱ्यात आतले काही निघून जाते, आणि ती चांदीची झाक निघून गेल्याशिवाय येत नाही. हा फरक कोणत्याही बरणीने भरून निघणारा नव्हता.

एक वेगळा तुकडा चुन्याच्या पातळ पाण्याने पुसून पाहिला, रेषांत पांढरी छटा राहील म्हणून. दिसायला तो सुरेख होता. पण तो दिवाणखान्यातल्या टेबलाला शोभला असता, पावसात उभ्या राहणाऱ्या दाराला नाही. दुसऱ्या एका तुकड्यावर जवसाचे तेल लावले. त्याने राखाडी रंग लगेच गडद आणि पिवळट झाला. जवसाच्या तेलाबद्दल एक सूचना देतो. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून टाकू नयेत. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. ती पसरून वाळवावीत.

शेवटी असे ठरवले की दाराला पूर्ण राखाडी करायचेच नाही. त्याला निम्म्या वाटेवर आणून सोडायचे, उरलेली वाट ऊन-पाऊस चालवील. वरच्या हातभर भागाला नुसते चहाचे पाणी दिले. मधल्या भागाला लोखंडाचे पाणी एकास बारा. खाली उंबरठ्याकडे एकास आठ, आणि अगदी शेवटच्या चार बोटांना एकास चार. दोन भागांच्या मध्ये ओले फडके फिरवून सीमा पुसून टाकली. कडीभोवती काहीच लावले नाही. वरून मेण नाही, वॉर्निश नाही, तेल नाही, कारण त्यांपैकी काहीही लावले असते तर ऊन आणि पाऊस यांची वाटच बंद झाली असती. फक्त झडपांच्या खालच्या कडांना, जिथून पाणी आत शिरते आणि ज्या कोणाला दिसत नाहीत, तिथे तेल पाजले. मे महिन्याच्या अखेरीस नवतपा सुरू असताना दार चौकटीत बसले. नवतपा म्हणजे आपल्याकडचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस.

अम्मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. तिची नजर तेव्हा अधू झाली होती. तिने दोन्ही दारांकडे पाहिले, आणि मग मला विचारले, "आपलं कोणतं?" मी म्हणालो, "दोन्ही." तिला ते उत्तर पुरले. मिस्तरीकाकांना पुरले नाही. त्यांनी सांगितले की जवळून बघणाऱ्याला फरक कळतो. त्या वर्षी तो कळतही होता. नवे दार निळसर दिसे, जुने पांढुरके.

पहिल्या पावसाळ्यात नव्या दाराचा रंग डागाडागांनी फिका झाला आणि काही दिवस ते जुन्यापेक्षा वाईट दिसले. शेजारच्या एका गृहस्थांनी मला सल्ला दिला की मास्तर, आता ऑइलपेंट मारून टाका. मी मारला नाही. आपल्याकडचा पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत असतो, आणि त्यानंतर उरलेले महिने ऊन. दुसऱ्या पावसाळ्यानंतर लोखंडाचा रंग जिथे जिथे धुपून गेला, तिथे खालून लाकडाचा स्वतःचा राखाडी रंग आलेला होता. दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी मी शाळेच्या वह्या तपासत ओट्यावर बसलो होतो. तिरपे ऊन आले आणि नव्या दाराच्या मधल्या पट्टीवर ती झाक दिसली. ती बोटभर रुंद असेल, फार नव्हे.

आज या दाराला चौथे वर्ष आहे. छज्जाखालचा भाग तपकिरी राहिला आहे, जसा जुन्या दाराचा आहे. उंबरठ्याजवळचा भाग अजून जरा जास्त काळा आहे. तो फिका व्हायला आणखी काही पावसाळे लागतील. कडीभोवती हातांचा गडद रंग आता कुठे दिसू लागला आहे, आणि तो सगळ्यांत जास्त खालच्या बाजूला आहे, कारण माझी मुले अजून लहान आहेत आणि त्यांचे हात तिथवरच पोचतात. अम्मी दोन्ही दारांतून ये-जा करते. सकाळचा चहा ती भाईजानकडे घेते आणि संध्याकाळचा आमच्याकडे.

खालच्या कडांना दर वर्षी पावसाच्या आधी तेल द्यावे लागते. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात मी शाळा उघडण्याच्या तयारीत अडकलो होतो. घरी आलो तेव्हा दोन्ही दारांच्या झडपा बिजागऱ्यांतून काढून ओट्यावर आडव्या ठेवलेल्या होत्या, आणि भाईजान तेलाची वाटी घेऊन चौथ्या झडपेजवळ बसला होता. फडकी त्याने अंगणातल्या दोरीवर एकेक करून पसरली होती.